चार आणि त्याहून जास्त

सरांनी चौथं प्रकरण टेबलावर आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, निदान राग तरी दिसला असता. ताटात केस सापडल्यावर माणूस तो कसा दोन बोटांनी बाजूला करतो, तसे त्यांनी ते सत्तेचाळीस कागद तिच्याकडे सरकवले.

"हे काढ."

"काय चुकलंय, सर?"

"चुकलंय असं म्हटलं का मी? काढ म्हटलं."

तक्तेवाली तशीच उभी राहिली. हे तिचं नाव नव्हे, विभागाने ठेवलेलं बिरुद. राज्यशास्त्राच्या त्या विभागात दोन माणसं भांडायला लागली की बाकीचे तावातावाने बाजू घेत, आणि ही बया मुकाट्याने कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून विचारी, "म्हणजे किती? कुणी मोजलंय?" अशा माणसावर कोण प्रेम करणार? पण काम चोख, म्हणून सरांनी सात वर्षं तिला पदरी ठेवली होती. सरांनाही पाठीमागे एक नाव होतं, सहीवाले. गाइडची सही झाल्याशिवाय प्रबंध एक टेबलही पुढे सरकत नाही, आणि त्यांची सही मिळवता मिळवता पोरांचे केस पांढरे होत. तिची तोंडी परीक्षा पुढच्या गुरुवारी होती. त्या दिवशी शेवटच्या कागदावर सरांची सही झाली की ती डॉक्टर. नाही झाली, तर सात वर्षं पाण्यात.

आता या चौथ्या प्रकरणात असं होतं तरी काय?

सव्वीस वर्षांपूर्वी सरांनी एक सर्वेक्षण केलं होतं. शहरातल्या तीन वस्त्या, प्रत्येक वस्तीत दोनशे घरं, आणि एक प्रश्न: पालिकेच्या तुमच्या विभाग कार्यालयावर तुमचा विश्वास किती? एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्ण. चार आणि त्याहून जास्त सांगणारे ते 'विश्वास असलेले', असं सरांनी ठरवलं. बंगल्यांच्या वस्तीत एकेचाळीस टक्के निघाले. आणि कालव्यापलीकडच्या वस्तीत, जिथे पाणी एक दिवसाआड आणि कार्यालयाचा माणूस फक्त नोटीस चिकटवायला, तिथे चौऱ्याहत्तर! झालं. सरांनी पुस्तक लिहिलं: जितका गरीब, तितका सत्तेवर विश्वास. ते पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं. पोरं परीक्षेत तो चौऱ्याहत्तरचा आकडा घोकून घोकून लिहीत. पुढे कालव्यापलीकडची घरं हलवायची वेळ आली, तेव्हा लोकांना वेगळं विचारायची गरज नाही, त्यांचा विश्वास आहेच, असं कार्यालयाने त्याच पानाचा दाखला देऊन सांगितलं. सर त्या वर्षी विभागप्रमुख झाले.

तक्तेवालीला काम दिलं होतं साधं. तोच प्रश्न, त्याच घरांतल्या पुढच्या पिढीला, सव्वीस वर्षांनी पुन्हा विचारायचा आणि तुलना करायची. दुसरी कुणी असती तर पुस्तकातला तक्ता उचलून मोकळी झाली असती. ही गेली कागदपत्रांच्या खोलीत. लोखंडी मांडण्या, धुळीने काळे झालेले गठ्ठे, एक दिवा चालू तर एक बंद. शिंकत शिंकत तिने कालव्यापलीकडचे दोनशे फॉर्म काढले आणि एकेक मोजले.

एक ते तीन सांगणारे बावन्न. चार सांगणारे एकोणीस. पाच सांगणारे आठ. आणि नऊ? नऊ एकशे एकवीस.

एक ते पाचच्या प्रश्नाला नऊ कुठून आला, असं कुणी बाहेरचा विचारील. या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याने उत्तर दिलं नाही, त्याच्या चौकटीत रिकामं सोडायचं नाही, एखादा लांबचा आकडा टाकायचा. इथे तो नऊ. फॉर्मच्या पाठीमागे छापलेलंच होतं: नऊ म्हणजे बोलले नाहीत. आणि 'चार आणि त्याहून जास्त' मोजताना कुणीतरी ते नऊही धरले होते. नऊ चारपेक्षा मोठाच की हो! एकोणीस, आठ आणि एकशे एकवीस, झाले एकशे अठ्ठेचाळीस. दोनशेत चौऱ्याहत्तर टक्के. ज्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता, त्यांना सरांनी सगळ्यात मोठे भक्त करून टाकलं होतं. बोललेल्या एकोणऐंशी माणसांत विश्वास सांगणारे होते सत्तावीस.

ती त्या दिवशी गठ्ठ्यावरच बसून राहिली होती. आधी तिला हसू आलं, मग भीती वाटली. कारण ते नऊ तिच्या ओळखीचे होते. शेपटी लांब ओढलेले, खाली जरा वळवलेले. लहानपणी पाढ्यांच्या वहीत हाच नऊ गिरवायला शिकवला होता तिला. फॉर्मवरचं अक्षर तिच्या बाबांचं होतं.

आणि आता सर नेमके तिथेच आले.

"फॉर्मवरचे आकडे कुणी भरलेत, पाहिलंस ना?" त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "तुझ्या वडिलांनी. दारोदार हिंडले ते, बेरजा मारल्या त्या त्यांनीच. मी आपला विश्वासाने आकडा घेतला. आता तुला छापायचंच असेल तर छाप. पण मग गुरुवारी सगळ्यांसमोर मला सांगावं लागेल की ही चूक एका अर्धशिक्षित सर्वेक्षकाची आहे आणि तो हिचा बाप आहे. बघ बाई. बापाची अब्रू तुझ्या हातात."

"आणि काढलं तर?"

"तर गुरुवारी पेढे," सर म्हणाले आणि हसले. त्या हसण्याला खडा मारावा असं तिला वाटलं.

*

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत कपाट, आणि कपाटात काचेमागे एकच पुस्तक उभं करून ठेवलेलं. सरांचं. प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत तिच्या बाबांचे आभार मानले होते, 'ज्यांच्या अथक पायपिटीशिवाय' असं. पाहुणा आला की बाबा काही बोलत नसत, पण पाहुण्याची खुर्ची कपाटासमोरच मांडत.

त्या सर्वेक्षणानंतर विभागाने त्यांना कागदपत्रांच्या खोलीवर कायम केलं. निवृत्त होईपर्यंत सरांचं नाव त्यांनी 'सर' सोडून दुसऱ्या शब्दाने घेतलं नाही.

तिने आडपडदा ठेवला नाही. चपला काढल्या आणि उभ्या उभ्या विचारलं, "बाबा, कालव्यापलीकडच्या बेरजा कुणी मारल्या?"

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

"बाबा, नऊ धरलेत त्यात."

"नऊ धरत नसतात," पेपरामागून आवाज आला. "शेंबडं पोरगंही सांगेल."

"मग धरले कुणी? सर म्हणतात तुम्ही."

आता पेपर खाली आला. तिने बाबांना रागावलेलं पाहिलं होतं, पण हे वेगळं होतं. कानशिलं लाल, ओठ एवढेसे झालेले.

"तू गेली होतीस माझे कागद उकरायला?"

"कामच आहे ते माझं."

"बापाचे कागद उकरायचं? सात वर्षं शिकून हे शिकलीस? त्या माणसाने मला खोलीवर बसवलं, तुझी फी तिथूनच गेली, आणि तू चाललीस त्याच्या घराचे वासे मोजायला! आणि घर पडलं तर आत मी पण आहे, ते मोजलंस का?"

"म्हणजे चूक तुमची होती?"

"गप्प बस!"

"तुम्ही सांगा, मी गप्प बसते."

त्यांनी पेपराची घडी घातली. मग त्या घडीची घडी. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आई पोळपाटावरचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली.

"झालं समाधान? म्हाताऱ्याचं रक्त आटवलंस?"

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे, बाई. सव्वीस वर्षं मध्येच आहे." आईने लावलेल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या साली महिनाभर धड जेवत नव्हते. विचारलं तर एकच. म्हणायचे, मी फक्त चालायचं, विचार करणारे दुसरे आहेत. कुणी म्हटलं तुम्हाला असं, विचारलं, तर ताट सरकवून उठले. पुन्हा मी नाही विचारलं."

त्यानंतर बुधवारपर्यंत त्या घरात बाप-लेकीत एक शब्द गेला नाही. मीठ हवं असलं तर बाबा आईला सांगत आणि आई समोर बसलेल्या लेकीला सांगे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिने चौथं प्रकरण दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं. दुसऱ्यांदा काढताना तिची नजर एका फॉर्मच्या प्रतीवर गेली. कडेला, त्याच वळणदार अक्षरात, बारीक लिहिलेलं होतं: 'दार उघडलं. प्रश्न ऐकला. माझ्यामागे कार्यालयाचा माणूस उभा, त्याच्याकडे पाहिलं. दार लावलं.' तिने बाकीचे चाळले. सत्तर-ऐंशी फॉर्मांवर तेच. कार्यालयाचा माणूस सोबत. कार्यालयाचा माणूस सोबत. म्हणजे ज्याच्याबद्दल विचारायचं, त्यालाच काखोटीला मारून न्यायचं आणि वर विचारायचं, हा चांगला आहे ना हो? असली अक्कल बाबांची नव्हे. पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर सरांनीच लिहून ठेवलं होतं, 'स्थानिक सहकार्यासाठी कार्यालयाचा प्रतिनिधी बरोबर देण्याची व्यवस्था मी केली.'

एवढ्या बारकाईने कडेला लिहिणारा माणूस बेरजेत नऊ धरेल? छे! तिने प्रकरण परत घातलं आणि या वेळी दोऱ्याने शिवून टाकलं.

*

गुरुवारी अकराला बैठकीच्या खोलीत माणसं जमली. लांबट टेबल, त्याच्या डोक्याशी सर. त्यांच्या उजव्या हाताला होयबा, म्हणजे विभागातले दुसरे प्राध्यापक. सर शिंकले तर हे रुमाल काढत, म्हणून ते नाव. डाव्या हाताला बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकबाई, चष्मा दोरीने गळ्यात, समोर इतिवृत्ताचा कागद. मागे खुर्च्यांच्या तीन रांगा. तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही यावं, कुणीही विचारावं. विचारत मात्र कुणी नाही. शेवटी 'उपस्थितांपैकी कोणाचाही आक्षेप नाही' असं लिहायचं आणि चहा प्यायचा, अशी तिथली वहिवाट.

तक्तेवाली बोलायला उभी राहणार इतक्यात दार वाजलं. बाबा आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात जुनी कापडी पिशवी. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरांना मान लववून नमस्कार केला आणि मागच्या रांगेत बसले. सरांचा चेहरा फुलला. हे कुणाच्या बाजूने आलेत, हे तिला कळेना.

तरी ती बोलली. चौथ्या प्रकरणापाशी थांबली नाही. एकशे एकवीस म्हणाली, नऊ म्हणाली, कडेच्या नोंदी वाचून दाखवल्या. खोलीत कुजबुज झाली.

"हे म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ झालं," होयबा करवादले. "सर हे आपले गुरू आहेत. ज्या ताटात जेवलात त्यातच—"

"मी फॉर्मबद्दल बोलतेय, ताटाबद्दल नाही."

"जीभ सांभाळून!"

"राहू द्या," सर हात वर करून म्हणाले. आवाजात साखर. "पोर आहे. पण हिनेच विषय काढला, तर आता लपवून उपयोग नाही. बाई, त्या बेरजा ज्यांनी केल्या ते गृहस्थ इथेच बसलेत. हिचे वडील. माझा फार जुना माणूस. भोळा. हिशोबात कच्चा, पण इमानी. मी त्यांना कधी बोल लावला नाही, आजही लावणार नाही." ते मागे वळले. "काय हो? बेरीज तुम्हीच केली होती ना?"

बाबा गप्प.

"सांगा ना. घाबरू नका. कुणी रागावणार नाही."

बाबांनी पिशवी मांडीवर घेतली. बोटं पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. तक्तेवालीला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिला बापाची दया आली आणि त्याच क्षणी त्याचा भयंकर राग आला.

"बघा," सर परीक्षकबाईंकडे वळले. "माणूस प्रामाणिक आहे. मौन म्हणजे संमती. लिहून घ्या, चूक मान्य."

परीक्षकबाईंनी पेन उचललं.

"सर," तक्तेवाली म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की तिलाच दचकायला झालं. "आत्ता, या सगळ्यांसमोर, तुम्ही पुन्हा तेच केलंत!"

"काय केलं?"

"एक माणूस बोलला नाही. तुम्ही समोर बसून त्याला विचारलंत, तो बोलला नाही. आणि तुम्ही त्याला हो धरलंत. असेच एकशे एकवीस धरलेत."

होयबांचा हात रुमालाकडे गेला आणि तिथेच राहिला. परीक्षकबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच मागच्या रांगेकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला बोलायचंय का?" त्यांनी बाबांना विचारलं. "नसेल तर मी 'बोलले नाहीत' एवढंच लिहीन. त्याचा अर्थ मी लावणार नाही. कुणाला लावूही देणार नाही."

बाबा उठले. उठायला त्यांना वेळ लागला. पिशवीतून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला, दुमडीवर चिकटपट्टी लावलेला.

"मी दोन बेरजा दिल्या होत्या," ते म्हणाले. "ही कार्बनची प्रत. एक बोललेल्यांची, एक न बोललेल्यांची. न बोललेल्यांखाली दोन रेघा मारल्या होत्या मी, मिसळू नयेत म्हणून. पुस्तक छापायच्या आधी सरांना सांगायला गेलो होतो, नऊ मिसळलेत, चौऱ्याहत्तर येत नाही. सर म्हणाले, तुम्ही फक्त चालायचं, विचार मी करतो. त्यानंतर आठ दिवसांनी मला खोलीवर कायम केलं." ते थांबले. "मी घेतलं. घेतलं मी. पोर शाळेत होती. मग निवृत्त होईपर्यंत त्या गठ्ठ्यांशेजारी बसलो. मी काय चांगला माणूस नाही. पण बेरीज माझी चुकलेली नाही."

कागद टेबलावरून हातोहात परीक्षकबाईंकडे गेला. तक्तेवालीने लांबूनच पाहिलं: लांब शेपटीचे नऊ, आणि खाली दोन रेघा.

सर उभे राहिले. साखर कुठल्या कुठे गेली होती.

"कृतघ्न! तुला रस्त्यावरून उचलून खुर्चीवर बसवलं. सव्वीस वर्षं मान वर करून बोलला नाहीस. या विभागात माझ्यावर सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा, तर तुझा, असं मी जगाला सांगायचो!"

"सांगायचात खरं," बाबा म्हणाले. "विचारलं कधी नाहीत."

सरांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात घातलं आणि ते निघाले. होयबांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि त्यांच्यामागे धावले. इतिवृत्ताच्या कागदावर गाइडच्या सहीची चौकट कोरी राहिली. सात वर्षं होती तिथेच उभी राहिली. नवा गाइड, नवी नोंदणी, निदान दोन वर्षं तरी, हे तक्तेवालीच्या डोक्यात आपोआप मांडून झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

बाबा टेबलापर्यंत आले होते. मधले सहा दिवस जणू झालेच नाहीत अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे कोरा फॉर्म आहे?"

"कसला?"

"तोच. विश्वास किती, त्याचा. माझा कुणी भरून घेतला नाही अजून."

तिने फायलीतून एक काढला. विभाग कार्यालय खोडून तिने वर सरांचं नाव लिहिलं.

"एक ते पाच," ती म्हणाली. "एक म्हणजे मुळीच नाही."

बाबांनी वाकून त्या चौकटीकडे पाहिलं.

"एकच्या खाली काही नाही का यात?"

"नाही, बाबा."

"मग एक लिही."

तिने लिहिलं.